सलईचा धूप

आमच्या घरी धूप म्हणजे सलईचा. दुसऱ्या कशाचाही धूप असतो, हे मला शाळेसाठी परतवाड्याला राहायला गेलो तेव्हा कळलं. आमचं गाव मेळघाटाच्या पायथ्याशी. घरामागच्या नाल्यावर उभं राहिलं की गाविलगडाचा डोंगर समोर आडवा दिसायचा आणि त्याच्या खडकाळ उतारावर, जिथं सागसुद्धा खुरटून जातो, तिथं सलई उभी असायची. पुस्तकात तिला सालई म्हणतात, आमच्याकडे सलई. हिवाळा सरता सरता तिची पानं झडतात, उघड्या फांद्यांवर बारीक पांढरी फुलं येतात आणि खोडावरची साल कागदाच्या पापुद्र्यासारखी सुटून वाऱ्यावर फडफडते. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, झाडाला रोग झाला आहे.

धूप घेऊन यायचा तो एक कोरकू माणूस. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. होळीच्या आधी एकदा आणि पावसाळा तोंडावर आला की एकदा, अशा त्याच्या वर्षाला दोन खेपा. पळसाच्या पानात बांधलेला पिवळसर चिकट गोळा, सोबत चारोळी, थोडा मध, कधी हिरडे. माय त्याला ज्वारी द्यायची, मीठ, मिरची द्यायची. भाव असा कधी ठरला नाही. गोळ्याचा तुकडा मोडून ती नाकाजवळ न्यायची, मान हलवायची आणि पायली घेऊन कणगीकडे जायची. एखाद्या वर्षी वास पटला नाही तरी ज्वारी तेवढीच, फक्त तोंडानं ऐकवायची, "यंदा पान्यानं भिजला वाटते तुहा माल." मामा हसायचा. सपरीत बसून चहा प्यायचा आणि आम्हाला जंगलातल्या गोष्टी सांगायचा.

सलईचा डिंक कसा काढतात ते मला त्यानंच सांगितलं. दिवाळीनंतर खोडाची साल तळहाताएवढ्या जागेवर वरवर तासायची. खोल घाव घालायचा नाही. चार-आठ दिवसांत तिथून पाझरायला लागतं, आधी दुधासारखं, मग हवेनं सोनेरी. ते खरवडून घ्यायचं आणि जखमेची वरची कड थोडी ताजी करायची. असं पाऊस पडेपर्यंत. हा ओला डिंक बांबूच्या टोपलीत महिनाभर ठेवला की पातळ रस खाली गळून जातो आणि वर उरतो तो धूप. चांगलं मोठं झाड वर्षाला किलो-दीड किलो देतं. "ज्यादा खरवडलं तं झाड मरते, बाबू," तो म्हणायचा, "एक साल काढलं की दोन-तीन साल त्याले हात नाई लावाचा." त्याची बोली कोरकू, आमची वऱ्हाडी आणि पलीकडची हिंदी, तिन्ही मिळून झालेली.

वैद्यक शिकलेल्या मित्राकडून पुढं कळलं की हीच संस्कृतातली शल्लकी. तिचं एक नाव गजभक्ष्या, म्हणजे हत्तीला आवडणारी. तिच्या डिंकाला कुंदुरू म्हणतात. गुडघेदुखीवर शल्लकीच्या गोळ्या मिळतात त्याही हिच्याच डिंकापासून काढलेल्या. जगाच्या बाजारात फ्रँकिन्सेन्स नावाचा जो मोलाचा धूप आहे, अरबस्तानातून निघून उंटांवरून रोमपर्यंत जायचा तो, तो देणारं झाड आमच्या सलईचं सख्खं चुलत भावंड. वनस्पतिशास्त्रात दोघांचा वंश एकच, बॉस्वेलिया. आणि इकडे आमच्या शेजारच्या नेपानगरला याच सलईचा आणि बांबूचा लगदा करून वर्तमानपत्राचा कागद बनवायचे. तो कारखाना 1956 साली पंडित नेहरूंनी देशाला अर्पण केला. किती डोंगर कागदात गेले असतील, त्याचा हिशेब मामा करत नसे. एवढंच म्हणायचा, "ट्रक भरभरून जाते."

आता मायविषयी.

ती 88 वर्षांची आहे. बाबा गेल्यावर गावचं घर बंद झालं आणि ती अमरावतीला आमच्याकडे आली. येताना दोन लुगडी, देव, पितळी धुपाटणं आणि धुपाचा पत्र्याचा डबा, एवढंच तिनं मागून घेतलं. चार-पाच वर्षं बरी गेली. गोवऱ्या मिळायच्या, अंगणात निखारा करायचा, दिवेलागणीला ती धूप घालायची आणि धुपाटणं हातात घेऊन घरभर फिरायची. देवघर, स्वयंपाकघर, तुळस, शेवटी दाराचा उंबरा. पुढं तिचा दम लागू लागला. एका थंडीत रात्रभर बसून काढावी लागली तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि विचारलं, "आजी, विडी ओढत होता का?" माय केवढी चिडली! "माह्या सात पिढ्यात बाईनं विडी नाई ओढली." मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. जन्मभर चुलीपुढं बसून लाकडं, तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या जाळल्या, त्या धुरानं फुफ्फुसं तशीच होतात. खेड्यातल्या अनेक बायकांची तीच तऱ्हा. औषध चालू राहील, पण घरात धूर नको. कुठलाच नको.

"धुपाचा तं धूर नसते नं जी तो," माय म्हणाली.

"फुफ्फुसाला सगळे धूर सारखेच," डॉक्टर म्हणाले.

धुपाटणं घासूनपुसून देवघराच्या फळीवर गेलं. मायनं तक्रार केली नाही, हीच मोठी तक्रार. दिवा लावायची, हात जोडायची आणि उठून आपल्या खोलीत जाऊन बसायची. सुनेनं हाक मारली तर यायची, नाहीतर तशीच अंधारात. आठ-दहा दिवसांनी मला म्हणाली, "दिवाबत्तीची येळ कवा झाली, तेच समजत नाई आता." घड्याळ समोर होतं. तिला घड्याळाविषयी बोलायचं नव्हतं.

म्हणून मी धुपाच्या मागं लागलो. कमी धुराचा, मायच्या छातीला सोसेल आणि तिच्या नाकाला पटेल असा कुठला मिळतो का, हे पाहायचं ठरवलं. जुन्या बाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानांतून पुड्या आणल्या. रीत अशी ठेवली की मी अंगणात पेरूच्या झाडाखाली, वाऱ्याच्या उलट बाजूला, खापरीत निखारा घेऊन बसायचं आणि माय सपरीतल्या खुर्चीत, नाकाला पदर लावून. वास पोचला की ती पदर क्षणभर दूर करायची, निकाल द्यायची आणि परत लावायची. सून म्हणायची, दोघांनाही काही कामधंदे नाहीत.

पहिला लोबान. दुकानदारानं पांढरे बदाम रुतवल्यासारखे दिसणारे तपकिरी खडे दिले. निखाऱ्यावर टाकताच गोड, जड, थोडासा व्हॅनिलाच्या आइस्क्रीमची आठवण करून देणारा वास सुटला आणि मागून घशात खवखवलं. मायनं लगेच ओळखलं, "हा गुरवारचा." आमच्या गावच्या बाजारात गुरुवारी फकीरबाबा यायचे, एका हातात मोरपिसांचा कुंचा, दुसऱ्या हातात लोबानदाणी. किराणा, कापड, न्हावी, सोनार, सगळ्या दुकानांतून धूर फिरवत जायचे आणि गल्ल्यातलं नाणं त्यांच्या झोळीत पडायचं. माय बाजाराला गेली की पदर पसरून तो धूर अंगावर घ्यायची. "चांगला हाये," ती म्हणाली, "पन तो बाजारातच शोभते. घरचा नाई."

या लोबानाची कहाणी नावांच्या गोंधळाची आहे. अरबीत लुबान म्हणजे खरा फ्रँकिन्सेन्स, सलईचा भाऊ. पण आपल्याकडे लोबान म्हणून बहुतेक ठिकाणी मिळते ती वेगळ्याच झाडाची, सुमात्रा-लाओसकडून येणारी राळ. अरब व्यापारी तिला 'लुबान जावी', म्हणजे जाव्याकडचा लोबान, म्हणायचे. त्या 'लुबान जावी'चं युरोपात तोंडातोंडी घासत बेंझॉइन झालं, त्यातून बेंझोइक आम्ल आलं आणि त्यावरून रसायनशास्त्रातल्या बेंझीनचंही बारसं झालं. दवाखान्यात वाफ घ्यायला टिंक्चर बेंझॉइन देतात तेही याच लोबानाचं. म्हणजे जो पदार्थ जाळू नका म्हणतात तोच गरम पाण्यात टाकून हुंगायला सांगतात. मायला हे सांगितल्यावर तिला फार बरं वाटलं. डॉक्टरांवर तिचा एक मुद्दा चढला.

ऊद ही दुसरी गंमत. आपल्या दुकानात ऊद मागितला की हाच लोबान किंवा त्याचा भाऊबंद पुडीत येतो. माझा भाचा मस्कतला नोकरीला आहे. त्याला फोनवर म्हणालो, तिकडचा ऊद चांगला असतो म्हणतात, येताना आण. त्यानं आणली लाकडाची चिटोरी, काळपट, डबीत मखमलीवर ठेवलेली. अरबीत ऊद म्हणजेच लाकूड आणि त्यांचा धुपाचा ऊद म्हणजे अगरू, जो आपल्या आसामातही होतो. त्या झाडाला बुरशी लागली की लाकडात सुगंधी राळ साठते. इतकं महागडं लाकूड निखाऱ्यावर टाकायला माझा हात धजेना. एक चिटोरी टाकली. मधासारखा, ओल्या चामड्यासारखा, खोल वास. मायचं मत, "लग्नातल्या पाव्हन्याचा वास हाये." तिला अत्तर म्हणायचं असावं. उरलेली चिटोरी सुनेनं लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवली, तिथं ती उत्तम काम करतात.

गुग्गुळ मला स्वतःला आवडतो. कच्छ आणि राजस्थानच्या कोरड्या माळावरचं काटेरी झुडूप, त्याचा चीक. आयुर्वेदात त्याचे महिषाक्ष, महानील, कुमुद, पद्म आणि हिरण्य असे पाच प्रकार सांगितले आहेत. दुकानात मात्र काळा आणि कमी काळा एवढेच दोन मिळतात. तो कुटायला गेलं की खलबत्त्याला चिकटून बसतो. निखाऱ्यावर वितळतो, फुगतो, पांढरा दाट धूर सोडतो. वास कडसर, खाली गोडाची किनार. संध्याकाळी एकटं बसावं तर गुग्गुळासोबत बसावं असं मला वाटतं. पण धूर सगळ्यात जास्त त्याचाच. मायनं पदर काढलासुद्धा नाही. आतूनच म्हणाली, "हा वैद्याच्या घरचा. बिमाराच्या खाटेचा." योगराज गुग्गुळाच्या काळ्या गोळ्या बाबांनी शेवटची कित्येक वर्षं खाल्ल्या होत्या, तो वास तिला कसा चुकेल? गुग्गुळ सोडून देण्याचं आणखी एक कारण आहे. जास्त चीक निघावा म्हणून झुडपाला असे घाव घालतात आणि वरून असले लेप लावतात की ते मरून जातं. आज जगातल्या अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत त्याचं नाव आहे. रोजच्या रोज जाळायची ती वस्तू राहिलेली नाही.

राळेची पुडी घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला, सगळे हेच नेतात, स्वस्त पडतं. साल वृक्षाची राळ काचेसारखी असते, चुरा केला की पीठ होते. लहानपणी गावात सोंगं यायची, तेव्हा राक्षसाच्या किंवा देवीच्या प्रवेशाला एकजण मशालीवर मूठभर राळ फेकायचा. भप्पकन जाळ उठायचा, म्हाताऱ्या बायका पदर सावरायच्या आणि आम्ही पोरं मागं पळायचो. वर्तमानपत्रात अजून 'टीकेची राळ उठली' असं छापून येतं, ते लिहिणाऱ्यांनी मशालीवरची राळ पाहिली असेल असं वाटत नाही. माय राळेला 'राय' म्हणते. ळ आमच्याकडच्या जुन्या बायकांच्या जिभेवर टिकत नाही, डोळ्याचा डोया होतो आणि काळ्याचा काया. "राय कायले आनली? तमाशा हाये का घरी?"

आणि या पुडीत राळसुद्धा धड नव्हती. धूर काळसर, वास चुलीत प्लॅस्टिकची पिशवी पडल्यासारखा. चीडाच्या झाडाचं रोझिन, जे सोल्डरिंगवाले आणि तबल्याच्या शेजारी बसणारे सारंगीवाले वापरतात, ते स्वस्त असतं आणि धुपात सर्रास मिसळतात. ओळखायची मायची पद्धत सोपी आहे. वाटीत थोडं पाणी घ्यायचं आणि खडा बोटानं चोळायचा. सलई किंवा गुग्गुळ असेल तर पाणी दुधासारखं होतं. कारण त्यांच्यात राळ आणि डिंक दोन्ही असतात, डिंक पाण्यात उतरतो आणि राळेला सोबत घेऊन जातो. नुसती राळ किंवा रोझिन असेल तर पाणी तसंच स्वच्छ आणि खडा तसाच कोरडा. कुठल्या शाळेत न जाता हे तिला ठाऊक होतं.

बाजारात आता सांब्राणी कप नावाचा प्रकार निघाला आहे. कोळशाच्या भुकटीची काळी वाटी, आत चिमूटभर धूप, काडी लावली की वाटीच जळते. सांब्राणी हा तमिळ शब्द, लोबानासाठीचा. शेजारच्या वहिनींनी प्रेमानं दोन डबे आणून दिले. माय त्या वाटीकडे पाहतच राहिली. "भांडंच जाळाचं?" तिच्या हिशेबात भांडं जाळणं हे दिवाळं निघाल्याचं लक्षण. मला त्या वाटीतला सोऱ्याचा वास सोसत नाही. चटकन पेट घ्यावा म्हणून कोळशात तो घालतात आणि पहिली पाच मिनिटं दिवाळीच्या फटाक्यासारखा वास येतो.

मस्कतहून भाच्यानं त्या लाकडासोबत आणखी एक पुडी आणली होती, ती मी शेवटी सोडली. ओमानच्या दक्षिणेला धोफार प्रांत आहे, सलाला हे तिथलं मोठं शहर. तिथल्या डोंगरापलीकडच्या कोरड्या बाजूला होणारा होजारी जातीचा लोबान सगळ्यात उंची मानतात. खडे हिरवट-पांढरे, जवळजवळ पारदर्शक, अश्रूंच्या आकाराचे. तिथल्या लोबानाच्या बनांना आणि जुन्या बंदरांना 2000 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. या झाडांचा मुंबईशीही जुना संबंध आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे जॉर्ज बर्डवुड यांनी अरबस्तान आणि सोमाली किनाऱ्याकडची ही झाडं अभ्यासून 1870 च्या सुमारास त्यांच्यावर निबंध लिहिला आणि एका जातीला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं. ते आजही त्या झाडाला चिकटून आहे.

खडा निखाऱ्यावर ठेवला. राखेचा पातळ थर मी आधीच पसरला होता. हे मायनंच शिकवलेलं आहे. लालभडक निखाऱ्यावर थेट धूप घातला की आतला डिंक करपतो आणि जळक्या साखरेचा वास येतो. राखेवर ठेवला की हळू वितळतो. धूर बारीक, निळसर, सरळ वर गेला. लिंबाच्या सालीचा वास, त्यामागं देवदाराचा, स्वच्छ. सपरीतून काहीच आवाज आला नाही. पाहिलं तर मायनं पदर खाली घेतला होता आणि डोळे मिटले होते. मी म्हणालो, "माय, पदर लाव." ती म्हणाली, "थांब जरा."

मग म्हणाली, "हे सलईची बहीण हाये. श्रीमंताघरी देल्ली वाटते."

मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. पुडीवरची अरबी अक्षरं तिला वाचता येत नव्हती, मलाही नाही. बॉस्वेलिया हा शब्द तिनं ऐकलेला नाही. चार हजार रुपये किलो असो की चाळीस, तिला त्याचं देणंघेणं नव्हतं. पन्नास-साठ वर्षं एकाच झाडाचा वास घेतलेलं नाक होतं ते. दोन्हींत फरकही बरोबर पकडला तिनं. "सलई थोडी उग्र राह्यते. टरपेंटाइन सारकी. हे सोज्वळ हाये. आपली सलईच बरी." रंगवाल्याकडच्या टर्पेंटाइनचा वास तिला गावच्या घराच्या दारं-खिडक्या रंगवल्या तेव्हापासून माहीत आहे.

म्हणजे प्रश्न पुन्हा सलईवर आला. आणि सलई कुठं मिळत होती? मायच्या डब्यात तळाशी मूठभर उरली होती. मामा जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, 1973-74 पासूनचा. गाभ्याच्या जंगलातून डिंक काढता येत नाही आणि आतली काही गावं बाहेर आणून वसवली आहेत. मामाचा नातू परतवाड्याला मोटारसायकल दुरुस्त करतो. त्याला भेटलो. त्याला आजोबांची ज्वारीची पोती आठवतात, डिंक काढायचा कसा ते आठवत नाही. पण त्यानं ओळख करून दिली धारणीकडच्या एका बचत गटाची, तिथल्या बाया बाहेरच्या जंगलातून रीतसर डिंक गोळा करतात. दोन किलो मागवला. आला तो ओलसर, सालीचे पापुद्रे, एक-दोन मुंग्या आणि पळसाच्या पानाचा तुकडा यांच्यासकट. मायनं बोटानं दाबून पाहिला, हुंगला आणि म्हणाली, "ओला हाये. परातीत पसरव."

आता राहिला धूर. मुलीनं एक विजेची दाणी आणली, तळहाताएवढी. वर पितळी वाटी, खाली तार तापते, आच कमी-जास्त करता येते. निखारा नाही, त्यामुळं कोळशाचा वायू नाही. धूप जळत नाही, नुसता वितळतो आणि त्यातलं सुगंधी तेल उडून जातं. आच अगदी कमी ठेवली तर डोळ्यांना धूर दिसतच नाही. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, खिडकी उघडी ठेवा, पाच-दहा मिनिटांच्या वर नको, आणि आजींना दूर बसवा. खोकला आला तर बंद.

पहिल्या संध्याकाळी माय त्या दाणीकडे संशयानं पाहत होती. वाटीत वाटाण्याएवढी सलई टाकली. दोन मिनिटांनी वास आला, खराखुरा, नाल्यामागच्या डोंगराचा.

"धूर?" मायनं विचारलं.

"नाही ना. तोच तर नको आहे."

"धूर नाई तं देवाले समजन कसं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, मुलीकडे होतं. ती म्हणाली, "आजी, तुला समजलं की नाही?" माय म्हणाली, "मले तं समजलं." त्यावर कोणी काही बोललं नाही. दाणी राहिली.

तेव्हापासून हा क्रम आहे. साडेसहाला माय स्वतः बटण दाबते. सलईचा खडा आपल्याच हातानं घालते, मोठा घातला तर सुनेकडे पाहते. मग खुर्ची उंब्याजवळ नेऊन बसते आणि दाणी मधल्या खोलीत. घरभर फिरणं सुटलं, वास आपला आपण फिरतो. कधी वीज गेली तर चिडते. पूर्वी वीज गेली म्हणून धूप राहिला असं कधी झालं नव्हतं.

एका बाबतीत मात्र मी ठाम राहिलो. मागच्या वर्षी मुलीला मुलगा झाला. तेल-अंघोळ झाली की बाळाला धुरी द्यायची, केस त्या उबेवर वाळवायचे, बाळंतिणीच्या खाटेखाली ओवा, शेपा आणि लसणाच्या टरफलांची शेगडी ठेवायची, ही आमच्याकडची रीत. मायनं चार पिढ्यांना अशी धुरी दिली. यावेळी नको म्हणालो. मोठ्या माणसाला सोसत नाही तो धूर दहा दिवसांच्या छातीला कशाला? तिनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून बाळाच्या छातीजवळ धरून बसली होती. मी खोलीत गेलो तशी म्हणाली, "धूर नाई हा. पाह्यून घे."

सणाला मात्र तडजोड आहे. दसरा, दिवाळीचा पाडवा आणि अक्षय तृतीया, हे तीन दिवस अंगणात गोवरीचा निखारा होतो, राख पसरून सलई घातली जाते आणि धुपाटणं सून फिरवते, तेही घराबाहेरून. माय बंद खिडकीच्या काचेआड बसून पाहते. काचेवर धूर आला की बोटानं टिचकी मारते.

परवा तपासणीला घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी छाती ऐकली, बरी म्हणाले, आणि विचारलं, "आजी, धूप बंद केला ना?"

"धूर बंद केला," माय म्हणाली.

डॉक्टर तिच्याकडे पाहून हसले आणि कागदावर औषध लिहू लागले. येताना तिनं रिक्षा थांबवायला लावली आणि एका म्हातारीकडून डझनभर गोवऱ्या घेतल्या. मी म्हणालो, एवढ्या कशाला. दसरा जवळ आला म्हणाली, आणि पावसाळ्यातल्या गोवऱ्या ओल्या असतात, आता घेऊन वाळवून ठेवलेल्या बऱ्या.